दुसऱ्या हातचा निष्कर्ष

संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुमच्या टायपिंगच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतील." मी सवयीप्रमाणे आधी यादी केली. एकतीस निघाल्या. त्यातल्या एकोणीस तर नावं बदलूनसुद्धा छापता येणार नाहीत, कारण बडोद्यात मराठीत पीएच.डी. केलेली माणसं मोजकी आहेत, ती एकमेकांच्या लग्नामुंजींना जातात आणि तुमचा अंकही त्यांच्याच घरी येतो. उरलेल्या बारांपैकी अकरा नुसत्याच गमती आहेत. बारावी गंमत आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तीच लिहिते.

आधी धंदा काय होता ते सांगते, कारण आता तो उरलेला नाही. संगणक येण्यापूर्वी प्रबंध हातानं लिहायचा आणि टाइप करून घ्यायचा. बडोद्यात गुजराती टायपिस्ट पुष्कळ, इंग्रजीचे तर गल्लोगल्ली. मराठी मशीन असलेल्या आम्ही दोघीतिघीच. माझं मशीन प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत खिडकीपाशी, म्हणजे आमच्या बडोदी भाषेत बारीपाशी, होतं. मिस्टर वर्कशॉपमध्ये. ते सायकलवरून कामावर गेले की नऊला मी बसायची, ती पाच वाजता उठायची.

एका वेळी पाच प्रती निघत. वर जाड कागद, खाली चार पातळ, मध्ये चार कार्बन. वरची प्रत बाहेरगावच्या परीक्षकाला, कारण ती ठळक. सगळ्यात खालची पुसट प्रत उमेदवाराला, कारण आपण काय लिहिलंय ते त्याला माहीत असतं असं समजतात. एक अक्षर चुकलं तर पाच ठिकाणी ब्लेडनं खरवडायचं. डावीकडे दीड इंच मोकळं सोडायचं, नाहीतर बाइंडिंगमध्ये शब्द गिळले जातात. तळटिपा किती ओळींच्या आहेत ते पान सुरू करण्याआधी मोजायचं. जो मोजत नाही त्याच्या तळटिपा पुढच्या पानावर घरंगळतात. माझी एकही घरंगळली नाही. हा गर्व समजा, पण खरा आहे.

आता त्या आख्यानाबद्दल. एक जुनं मराठी आख्यानकाव्य आहे. नाव लिहीत नाही. अभ्यासक ओळखतील आणि बाकीच्यांचं त्यावाचून अडणार नाही. आमच्या भागातल्या अभ्यासकांचा त्यावर फार जीव, कारण त्याच्या काही पोथ्या इकडच्या जुन्या घरांतून मिळाल्या होत्या. गोष्ट एवढीच: व्यापारी बारा वर्षांनी घरी परत येतो. बायको त्याला ओळखते, पाय धुते, पान वाढते. तो जेवत असताना घागर घेऊन नदीवर जाते. परत येत नाही. घाटावर घागर सापडते, भरलेली. संपलं.

या गोष्टीवर मी अकरा प्रबंध टाइप केले. बाराव्याचं शेवटी सांगते.

ती का गेली आणि घागर भरलेली का, यावर प्रत्येकाचं वेगळं. पहिल्यांच्या मते घागर म्हणजे देह आणि ती म्हणजे जीव. दुसऱ्या बाईंच्या मते हे बंड होतं. भरलेली घागर म्हणजे तुमचं काम करून टाकलं, आता मी मोकळी. तिसऱ्यांचं म्हणणं, आलेला माणूस नवरा नव्हताच. चौथ्यांनी व्यापारी वर्ग आणि सरंजामशाही असं काहीतरी दीडशे पानं सिद्ध केलं होतं. पाचव्यांनी सांगितलं की शेवटच्या वीस ओव्या मूळ कवीच्या नाहीतच, दुसऱ्या कुणीतरी मागाहून घातल्या. याला त्यांच्यात प्रक्षिप्त म्हणतात. म्हणजे पोथी एकाची, पण मध्येच किंवा शेवटी दुसऱ्याचा हात फिरलेला. हे ते कशावरून ओळखतात, असं मी त्या सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "चालीवरून, शैलाताई. माणूस चालताना ओळखू येतो ना लांबून, तसंच." मला ते थोतांड वाटलं.

गोंधळ होऊ नये म्हणून मी कार्डं केली होती. प्रत्येक प्रबंधाला एक कार्ड: नाव, गाईड, पानं, आणि खाली एका ओळीत "ती का गेली?". कार्डं मी कुणाला दाखवत नसे. येणारा प्रत्येक जण चहा पितापिता हळूच विचारायचाच, "अमके काय म्हणतात हो घागरीबद्दल?" मी म्हणायची, "बिस्कीट घ्या."

मिस्टरांना मात्र जेवताना सांगायची. ते एकदा म्हणाले, "आमच्याकडे बरं आहे. इंजिन एक तर चालतं नाहीतर चालत नाही. अकरा जणांनी अकरा कारणं दिली तर दहांची बदली होईल."

अकरांमधले दहावे होते बाजव्याचे एक गृहस्थ. रिफायनरीत केमिस्ट. हौस म्हणून पीएच.डी. करत होते. मराठी साहित्यावर त्यांचं इतकं प्रेम, की रजा टाकून पोथ्या उतरवायचे. पण निष्कर्ष काढायची वेळ आली की माघार घ्यायचे. "असंही असू शकेल, तसंही असू शकेल," असं त्यांनी बारा पानं लिहिलं. मी जसंच्या तसं टाइप केलं. प्रबंध परत आला. परीक्षकांचा शेरा: निष्कर्ष सुस्पष्ट नाहीत, फेरसादर करावा. त्यांनी तो पुन्हा काही सादर केला नाही. पुसट प्रत माझ्याकडेच राहिली. "ठेवा तुम्हीच, शैलाताई, घरी बायको रद्दीत देईल," म्हणाले. ते हसत म्हणाले, पण मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्या दिवशी मी माझ्या सूचनांच्या यादीत एक ओळ वाढवली: निष्कर्ष क्रमांक घालून, सातपेक्षा कमी नाही.

त्यानंतर वासंती आली.

वासंती आमच्यासारखीच इथली. तिचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते, वडील बँकेत, ती स्वतः एका कॉलेजात मराठीची हंगामी प्राध्यापिका. हंगामी म्हणजे दर जूनमध्ये नवा कागद. अकरा वर्षं अकरा कागद. मराठी घेणारी मुलं दरवर्षी कमी होत होती, आणि त्या वर्षी कॉलेजनं सांगून टाकलं, की येत्या जूनच्या आत पीएच.डी. झाली तर कायम करू, नाहीतर जागा बंद. तिचे मिस्टर वाघोडियाला कारखान्यात होते, तो कारखाना टाळं लावण्याच्या बेतात. दोन मुलं. हे सगळं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, रडतबिडत नाही, हिशेब सांगावा तसं. मला आवडली ती. हस्तलिखित तर इतकं स्वच्छ, की मला वाटलं हिला टायपिस्टची गरजच काय.

सहा प्रकरणं मी दोन महिन्यांत केली. एकेका प्रकरणात एकेक जुना अर्थ घेऊन ती तो तपासायची, त्यातलं खरं काय ते मान्य करायची, आणि मग कुठे पाऊल अडखळतं ते दाखवायची. टाइप करता करता मला वाटायचं, आता ही स्वतःचं सांगणार. शेवटच्या प्रकरणात सगळं येणार. खरं म्हणजे पहिल्यांदाच मला उत्सुकता होती.

शेवटचं प्रकरण तिनं गुरुवारी दुपारी आणून दिलं. शनिवारी बाराच्या आत विद्यापीठात प्रती द्यायच्या होत्या. वाघोडियाला तिची आई पडून खुबा मोडला होता, ती तशीच स्टँडवर निघाली होती.

"दीड पानच आहे, शैलाताई. फावेल ना?"

"दीड पानाला काय लागतं! निष्कर्ष कुठे आहेत?"

"तेच निष्कर्ष आहेत," ती म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून पळाली.

मी वाचलं. दीड पानात तिनं लिहिलं होतं, की एवढं तपासल्यावर मला एवढंच सांगता येतं की ती का गेली हे मला माहीत नाही. आणि कवीलाही ते माहीत नसावं, असं मला वाटतं. आणि या न कळण्याशी प्रामाणिक राहणं हेच मी या प्रबंधात केलं आहे.

मी हादरले. डोळ्यांपुढे बाजव्याचे गृहस्थ आले. त्यांनी निदान बारा पानं तरी भरली होती. हिनं तर एका वाक्यात हात वर केले होते. गाईड मुलीकडे परदेशी गेलेले, त्यांनी सहा प्रकरणांवर सही करून ठेवलेली. सातवं "नेहमीसारखं करा" असं सांगून गेलेले. वासंतीच्या आईकडे फोन नाही. शुक्रवार एकच दिवस हातात.

जे केलं ते सांगते. मी तिची सहा प्रकरणं पुढे घेतली आणि त्यांतली तिचीच वाक्यं निवडली. माझ्या पदरचा एकही शब्द घातला नाही. "म्हणून" आणि "यावरून" एवढेच काय ते माझे. एक ते सात क्रमांक घातले. वाक्यं नीट एकाखाली एक लागली, तेव्हा ती आपोआप एका जागी जाऊन पोचली: तिनं बारा वर्षं घर सांभाळलं, धनी आला, ठेव परत केली, शेवटची घागरही भरली, कर्तव्य पुरं झालं, तेव्हा ती गेली. सातवा मुद्दा टाइप करताना मला खरंच समाधान वाटलं. अकरा प्रबंधांत पहिल्यांदा काहीतरी जुळलं होतं. संध्याकाळी सगळी पानं मीच रावपुऱ्यात बाइंडरकडे नेऊन दिली.

मी ठरवलं होतं, की शनिवारी सकाळी बाइंडिंगच्या आधी तिला ते पान दाखवायचं. मूळ दीड पान पर्समध्येच होतं. मी पोचले तर पाचही प्रती दाबात. वासंती तिथेच बाकावर, दोन रात्री न झोपलेली, डोळे सुजलेले. बाइंडर म्हणाला, "बेन, हवे पानुं नहीं बदलाय." आता पान बदलता येणार नाही, असं मला सांगायची त्याला गरज नव्हती.

मी म्हटलं, "वासंती, शेवटच्या प्रकरणात मी मुद्दे घातलेत हं."

"बरं केलंत," ती म्हणाली. डोळे मिटलेले.

"तुमचं पान जरा बदललंय."

"तुम्ही बघितलंय ना? मग झालं."

तिला हलवून, जागं करून, उघडून दाखवायला पाहिजे होतं का? पाहिजे होतं. अकरा वाजले होते. तिनं प्रतिज्ञापत्रावर पाच वेळा सही केली: हे संशोधन व लेखन माझे स्वतःचे आहे. तो मजकूरही माझ्याच मशीनवर टाइप झालेला.

मार्चमध्ये परीक्षकांचे अहवाल आले. त्याच दुपारी वासंती आमच्याकडे आली. बेल वाजवली नाही, दारावर हात मारला. तिच्या हातात अहवाल आणि तिची ती पुसट पाचवी प्रत.

"हे वाचा," तिनं अहवाल पुढे केला. पुण्याच्या परीक्षकांनी लिहिलं होतं, की प्रबंधाचे विशेष बळ त्याच्या ठाम व सुस्पष्ट निष्कर्षांत आहे.

मी म्हटलं, "छानच आहे की!"

"हे मी लिहिलेलं नाही."

"वाक्यं तुमचीच आहेत, वासंती. बघा पाहिजे तर. पहिलं वाक्य पान बावन्न—"

"माहीत आहे मला! एकूण एक वाक्य माझं आहे. पण हे मी म्हटलेलं नाही."

मला हे समजेना. मी खरंच सांगते, मी बचाव करत नव्हते. वाक्यं तिची, शब्द तिचे, क्रम तेवढा माझा. मग म्हणणं कुणाचं? मी तसं विचारलंही.

ती एकदम खाली बसली. "तुमच्या स्वयंपाकघरातलं सगळं सामान मी माझ्या घरी नेऊन मांडलं, तर ते तुमचं घर होईल का? अकरा वर्षं, शैलाताई. अकरा वर्षं या बाईबरोबर राहून मी एकच धाडस केलं होतं. दीड पानाचं."

"पण ते परत आलं असतं! तुमच्या आधी एकांचं आलं होतं."

"आलं असतं, तर माझं आलं असतं."

मी म्हटलं, मी विद्यापीठात जाते, सांगते, की चूक माझी. तिनं आधीच चौकशी केलेली होती. प्रबंध मागे घेता येतो, पुन्हा देता येतो, पुन्हा परीक्षक, पुन्हा सहा महिने. जून निघून जाणार. वाघोडियाचा कारखाना तोवर बंदच पडला होता. ती बोलता बोलता थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही वाचलंय का आख्यान?"

"अकरा प्रबंध टाइप केलेत मी त्याच्यावर."

"आख्यान, शैलाताई."

नव्हतं वाचलं. कधी वेळच आली नव्हती. तिनं पिशवीतून छापील प्रत काढली, टेबलावर ठेवली आणि निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मशीनवर कव्हर घालून मी वाचायला बसले. दोनशे बारा ओव्या. एका दुपारचं काम. अकरा प्रबंधांतलं काय काय सापडतं त्याची खूण करायला पेन्सिल घेतली होती. एक खूण झाली नाही. म्हणजे नदी होती, घागर होती, पण जीव, बंड, सरंजामशाही यांतलं काही कुठे दिसेना, आणि कर्तव्यपूर्तीही दिसेना. बाई उठते, वाढते, जाते. आपण काही विचारायच्या आत ती गेलेली असते. मी शेवटच्या ओव्या पाच वेळा वाचल्या. संध्याकाळी मिस्टरांनी विचारलं, "मग? का गेली?" मी म्हटलं, "भाजी गरम करा तुमची तुम्ही."

एक गोष्ट मात्र मला खटकली. तो येतो त्या सकाळीच तिनं दोन रांजण काठोकाठ भरल्याचं आख्यानात आहे. त्यातलंच पाणी घेऊन ती पाय धुते. म्हणजे घरात पाणी होतं. मग घागर घेऊन कशाला गेली? मी कार्डं चाळली. अकरांपैकी एकानंही रांजणांचा उल्लेख केला नव्हता. कदाचित त्यांच्यापैकी कुणाला पाणी भरावं लागत नसेल. आमच्या क्वार्टरमध्ये नळ सकाळी एक तास. भरलेलं पाणी असताना मी कधी बादली उचललेली नाही.

मी वासंतीला निरोप पाठवला. ती आली नाही. मग मीच चिठ्ठी लिहिली: "घरात दोन रांजण भरलेले होते. ओवी एकशे चाळीस. यावरून माझा सातवा मुद्दा टिकत नाही. मला काहीच कळेनासं झालं आहे. शैला." उत्तर आलं नाही.

आमच्याकडे तोंडी परीक्षा उघडी असते, कुणीही जाऊन बसू शकतं. टायपिस्ट कधी जात नाही. मी गेले. मागच्या रांगेत बसले, पर्समध्ये तिचं मूळ दीड पान. माझं ठरलेलं होतं: शेवटी अध्यक्ष विचारतात, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का. त्या वेळी उभं राहायचं आणि सांगायचं.

पुण्याचे परीक्षक प्रेमळ होते. इकडचंतिकडचं विचारून झाल्यावर त्यांनी प्रबंध उघडला. "तुमचा सातवा निष्कर्ष फार मोलाचा आहे. जरा विस्तारानं सांगा."

वासंतीनं पाण्याचा घोट घेतला. मग ती बोलायला लागली. माझे सातही मुद्दे तिनं एकापाठोपाठ एक इतके सुंदर मांडले, की मला ते पुन्हा पटायला लागले. मी मनात म्हटलं, सुटलो दोघी. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि तरीही सर, घरात पाणी होतं."

"म्हणजे?"

"एकशे चाळिसावी ओवी. दोन रांजण. पाणी असताना ती पाण्याला गेली. हे अलीकडे एका वाचक बाईंनी माझ्या लक्षात आणून दिलं. त्यामुळे आज मी हा सातवा मुद्दा लिहिला नसता."

"मग काय लिहिलं असतं?"

"मला माहीत नाही, असं लिहिलं असतं."

परीक्षकांनी घाईघाईनं ओवी काढली. परदेशातून परतलेले गाईड म्हणाले, "रांजण पितळी असतील तर तांब्याच्या घागरीचं पाणी धार्मिक कामाला—" परीक्षक म्हणाले, "छे छे, प्रश्न धातूचा नाहीच!" दोघांची जुंपली. वीस मिनिटं. वासंती मध्ये उभी होती हे दोघंही विसरले. मग अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणी?"

मी अर्धी उठले. वासंतीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, अशी. की तोंडावर आलेले केस मागे केले? त्या क्षणी मला नक्की 'नको' असं वाटलं आणि मी बसले. मागाहून तितकं नक्की वाटेना. माझ्या सोयीचा अर्थ मी काढला असेन, हे नाकारता येत नाही. अध्यक्षांनी अभिनंदन केलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

जूनमध्ये वासंती कायम झाली. घर चाललं, मुलं शिकली. पेढे तिनं मुलाच्या हातून पाठवले. ग्रंथालयात तिचा प्रबंध माझ्या निष्कर्षासकट उभा आहे. त्याखाली तिचं नाव. त्यानंतर सातआठ वर्षं आम्ही लग्नाकार्यात भेटायचो, "काय म्हणता?" "मजेत" एवढंच. रागावली होती की नाही, मी विचारलं नाही.

मग माझं शेवटचं काम आलं. एक मुलगी, मीनल, दांडिया बाजारातली. तिच्या मैत्रिणी संगणकावर करून घेत होत्या, पण हिच्या आजीनं माझं नाव सांगितलं होतं. विषय तेच आख्यान. चौथ्या प्रकरणात माझे हात थांबले. मीनलनं वासंतीचा प्रबंध घेतला होता. पहिल्या सहा प्रकरणांची तिनं मनापासून स्तुती केली होती. आणि मग लिहिलं होतं, की सातवं प्रकरण मात्र त्याच लेखणीतलं वाटत नाही. वाक्यं तीच आहेत, पण चाल दुसऱ्या माणसाची आहे. सहा प्रकरणं जी लेखिका कुठेही घाई करत नाही, ती इथे एकदम जमाखर्च मांडायला बसते. जुन्या पोथीत असं दिसलं असतं, तर आपण हा भाग प्रक्षिप्त म्हटला असता.

मी उठून पाणी प्यायले. वीस वर्षं मी धरून चालले होते की ही मंडळी हवेत बोलतात.

ती पानं घेऊन मी वासंतीच्या घरी गेले. पुष्कळ वर्षांनी. तिनं उभ्याउभ्याच वाचली. मी म्हटलं, "हे छापलं गेलं तर लोक विचारतील. मी मुलीला सांगून काढून घेऊ का?"

वासंतीनं पान पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला. "कुणीतरी वाचलं, शैलाताई," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत कुणीतरी वाचलं."

"पण करू काय?"

"जसं आहे तसं टाइप करा. काना-मात्रा बदललात तर बघा!" आणि हसली. "त्या मुलीला रविवारी जेवायला घेऊन या. तुम्हीही या."

"मी काय म्हणून येऊ?"

"सहलेखिका म्हणून," ती म्हणाली. टोमणा होता की माफी, मला कळलं नाही. मी गेले.

जेवताना मीनल लाजत लाजत वासंतीला म्हणाली, "मॅडम, राग नका मानू हं. मला असं वाटलं म्हणून लिहिलं. पण ते तुम्हीच लिहिलंय ना?"

वासंती पोळीला तूप लावत होती. तिनं मान वर केली नाही. माझ्याकडे बघितलं नाही. या वेळी अर्थ काढण्यासारखं काहीच नव्हतं.

"मी लिहिलं ते," मी म्हटलं.

मीनल हसली. तिला वाटलं, टायपिंगवाल्या मावशी थट्टा करतायत.

"थट्टा नाही ग, खरं सांगतायत त्या," वासंती म्हणाली, आणि पोळी तिच्या ताटात घातली.

मीनलनं हात पुसला आणि शेजारच्या पिशवीतून वही काढली. "पण का, मावशी?"

मी एकेक सांगायला लागले. वेळ नव्हता. तिची नोकरी होती. बाजव्याचे ते गृहस्थ. आणि मला ते तसं अर्धवट बघवत नव्हतं. आणि, खरं सांगायचं तर, मला एकदा तरी माझं काहीतरी त्यात असावं असं वाटत होतं. एक कारण दुसऱ्याला धरून नव्हतं, आणि यातलं खरं कुठलं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मीनलनं सगळी कारणं लिहून घेतली.